ड्युटी फोन वाजतच नाही : वारंवार येणारी तक्रार आणि तिचे निवारण

रुग्णालयाने पाळीवरील परिचारिकांना दिलेल्या फोनबाबत सर्वाधिक वेळा येणारी, आणि मिटली म्हणेपर्यंत पुन्हा उभी राहणारी तक्रार एकच असते. निवासी डॉक्टर म्हणतात की फोन केला, पण कोणी उचलला नाही; सिस्टर म्हणतात की फोन वाजलाच नाही. चौकशीत दोघांपैकी एकाला खोटे ठरवण्याची घाई होते, आणि पाळीवरची परिचारिका समोरच उभी असल्याने खापर बहुधा तिच्याच डोक्यावर फुटते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोघेही खरे बोलत असतात. पलीकडे रिंग ऐकू येत असते आणि अलीकडे फोनला कॉल आल्याची खबरही नसते.

येथे ज्या व्यवस्थेविषयी लिहिले आहे ती मध्यम आकाराच्या खासगी रुग्णालयांत आता सर्रास दिसते. प्रत्येक वॉर्डाला दोन-तीन अँड्रॉइड हँडसेट दिलेले असतात, ते रुग्णालयाच्या वाय-फायवर चालतात, त्यांतील कॉलिंग अ‍ॅप ईपीएबीएक्सला (रुग्णालयाच्या अंतर्गत दूरध्वनी केंद्राला) जोडलेले असते, आणि खाटेशेजारचे बटण, प्रयोगशाळेचे तातडीचे निष्कर्ष, आरएमओचे (निवासी वैद्यकीय अधिकाऱ्यांचे) निरोप असे सारे त्याच फोनवर येते. जेथे अजून इन्चार्ज सिस्टर स्वतःच्या खासगी फोनवर सगळा वॉर्ड चालवतात, तेथे यातला थोडाच भाग लागू पडेल.

तक्रार आली की हँडसेट बदलून देणे हा रूढ उपाय आहे आणि तो फसवा आहे. नवा फोन काही दिवस चोख वाजतो, कारण त्याची बॅटरी ताजी असते, मागच्या कोणाचे लॉगिन त्यात राहिलेले नसते, कोणी आवाज बारीक केलेला नसतो, आणि मुख्य म्हणजे तो नवा म्हणून सतत कोणाच्या ना कोणाच्या हातात असतो. नव्याची नवलाई सरली, फोन टेबलावर तासन्‌तास पडून राहू लागला, की येरे माझ्या मागल्या. काढून नेलेला जुना फोन आयटी विभागात तपासला तर निर्दोष आढळतो; तेथे तो चार्जरला लावलेला आणि अ‍ॅक्सेस पॉइंटच्या (वाय-फायची लहर सोडणाऱ्या उपकरणाच्या) थेट खाली ठेवलेला असतो, मग त्यात दोष दिसणार तरी कसा?

तक्रार कशी नोंदवावी

‘फोन वाजला नाही’ एवढ्या वाक्यावरून काहीही शोधता येत नाही. कॉल कोणत्या टप्प्यावर मेला हे ठरवायचे असेल तर वेळ मिनिटासह हवी, फोन तेव्हा नेमका कोठे होता ते हवे (खिशात, नर्सिंग स्टेशनच्या टेबलावर, मेडिकेशन ट्रॉलीवर, चार्जरवर), कॉल कोणी व कोणत्या फोनवरून केला ते हवे, आणि त्याखेरीज दोन गोष्टी अशा हव्यात ज्या जवळजवळ कोणीच विचारत नाही : कॉल करणाऱ्याला काय ऐकू आले, आणि नंतर फोनच्या पडद्यावर काय दिसले. निम्मे निदान या दोन उत्तरांतच असते.

करणाऱ्याने पूर्ण रिंग ऐकली आणि फोनवर त्याच मिनिटाचा मिस्ड कॉल दिसतो आहे, तर कॉल फोनपर्यंत पोहोचला होता. प्रश्न आवाजाचा आहे. करणाऱ्याने रिंग ऐकली, पण फोनवर मिस्ड कॉलच नाही, किंवा फोन हातात घेताक्षणी तीन मिस्ड कॉल एकदम उमटले, तर अ‍ॅपला जाग आली नव्हती. हा सर्वांत चिवट प्रकार आहे. करणाऱ्याला रिंगऐवजी लगेच ‘संपर्क होऊ शकत नाही’ अशी सूचना किंवा नुसती शांतता मिळाली, तर वाय-फाय, बॅटरी किंवा लॉगिन तपासावे. आणि कॉल भलत्याच कोणी उचलला, तर यंत्र ठीक आहे. पाळी बदलताना करायचे काम राहून गेले आहे. दुसऱ्या प्रकारात करणाऱ्याला रिंग का ऐकू येते, हे मात्र डॉक्टरांना आवर्जून समजावून सांगावे. अनेक यंत्रणांत ही रिंग पलीकडच्या फोनमधून येत नाही. फोनला उठवण्याचा संदेश पाठवून त्याची वाट पाहत असताना ईपीएबीएक्स ती स्वतःच ऐकवते. पलीकडचा फोन खणखणतो आहे असा त्यावरून होणारा समज चुकीचा असतो, आणि वॉर्डातले निम्मे वाद याच समजातून पेटतात.

मिस्ड कॉल दिसतो, पण आवाज झाला नाही

हा सोपा भाग असल्याने आधी उरकून घ्यावा. अँड्रॉइडमध्ये माध्यमांचा, रिंगचा आणि अलार्मचा आवाज वेगवेगळा असतो, आणि बाजूची कळ खिशात दाबली गेली की त्यांतला कोणता कमी झाला हे कळत नाही. फोन सर्वांचा असल्याने रात्री दोन वाजता झोपलेल्या रुग्णाजवळ आवाज कमी करणारी सिस्टर आणि सकाळी आठला तोच फोन हाती घेणारी सिस्टर वेगळ्या असतात. व्यवस्थापन अ‍ॅपमधून रिंगची किमान पातळी बांधून टाकता येत असेल तर ती बांधावी. कंपन मात्र कायम चालू ठेवावे.

तक्रार केवळ रात्री येत असेल, आणि तीही ठरावीक तासांत, तर आधी ‘डू नॉट डिस्टर्ब’चे वेळापत्रक उघडून पाहावे. कोणीतरी केव्हातरी अकरा ते सात असे वेळापत्रक लावून ठेवलेले असते, किंवा चार्जरला लावताच सुरू होणारा झोपेचा मोड चालू असतो. या स्थितीत एक लक्षण हमखास दिसते : पहिला कॉल गप्प राहतो, आणि त्याच क्रमांकावरून काही मिनिटांत केलेला दुसरा कॉल वाजतो. कारण एकाच क्रमांकावरून पंधरा मिनिटांच्या आत पुन्हा आलेला कॉल वाजू द्यावा अशी सवलत त्यात असते. ‘दुसऱ्यांदा केला की लागतो’ असे डॉक्टर सांगत असतील तर नेटवर्कच्या मागे लागण्याआधी हे पाहून घ्यावे.

आणखी दोन कारणे सहसा सुचत नाहीत. कोणाचे तरी खासगी ब्लूटूथ इअरफोन त्या फोनशी जोडलेले राहतात, आणि ते चेंजिंग रूममधल्या पर्समध्ये असताना रिंग तेथे वाजते. ड्युटी फोनचे ब्लूटूथ बंदच ठेवावे. दुसरे कारण स्पीकरच्या जाळीचे. खिशातला कापसाचा धागा, पावडर आणि सॅनिटायझरचा ओलावा मिळून जाळीवर पातळ खपली धरते, आणि पूर्ण आवाजावरही फोन उशीत तोंड खुपसल्यासारखा वाजतो. कोरड्या मऊ ब्रशने जाळी झाडली की फरक तत्काळ ऐकू येतो. पिन किंवा सुई मात्र त्यात घालू नये.

२०२२ साली आलेल्या अँड्रॉइड १३ पासून प्रत्येक अ‍ॅपला सूचना दाखवण्यासाठी वापरणाऱ्याची स्पष्ट परवानगी लागते, आणि घाईत ‘नको’ दाबले गेले की कॉलिंग अ‍ॅप मुके होते. अँड्रॉइड १४ मध्ये पडदा बंद असताना पूर्ण पडद्यावर कॉल दाखवण्याची परवानगीही आपोआप मिळत नाही; ती कॉलिंग आणि अलार्मच्या अ‍ॅपपुरती मर्यादित केली गेली. आपल्या पुरवठादाराचे अ‍ॅप त्यात बसते की नाही हे त्याला लेखी विचारावे.

मिस्ड कॉलही नाही : फोनची झोप

गुगलने २०१५ साली अँड्रॉइड ६ मध्ये ‘डोझ’ नावाची बॅटरी वाचवण्याची पद्धत आणली. फोन चार्जरवर नसेल, पडदा बंद असेल आणि तो हलत नसेल, तर काही वेळाने अ‍ॅपची इंटरनेटशी बोलणी थांबवली जातात आणि मधूनमधून थोड्या वेळापुरती पुन्हा उघडली जातात. फोन जितका जास्त वेळ निपचित पडेल तितके हे मधले अंतर वाढत जाते. पुढच्याच वर्षी अँड्रॉइड ७ ने याचीच सौम्य आवृत्ती खिशात हलणाऱ्या फोनलाही लागू केली, आणि २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून कमी वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅपना कमी वेळा जागे होऊ देणाऱ्या खालच्या गटात टाकले जाऊ लागले. घरच्या फोनसाठी ही सोय उत्तम आहे. नर्सिंग स्टेशनवर पहाटे तीन वाजता पालथा पडलेला फोन मात्र या सगळ्या अटी एकत्र पूर्ण करतो, आणि नेमक्या त्याच वेळी पोटॅशियमचा धोकादायक निष्कर्ष सांगण्यासाठी प्रयोगशाळेचा कॉल येत असतो.

झोपलेल्या अ‍ॅपला उठवण्याचा अधिकृत मार्ग म्हणजे गुगलच्या सेवेमार्फत येणारा उच्च प्राधान्याचा पुश संदेश. येथेच रुग्णालयाचा फायरवॉल (जाळ्यातली माहितीची ये-जा गाळणारी सुरक्षा यंत्रणा) आडवा येतो. हे संदेश टीसीपीच्या ५२२८, ५२२९ आणि ५२३० या पोर्टांवरून (माहितीच्या ये-जा करण्याच्या क्रमांकित वाटांवरून) येतात, आणि माहितीच्या सुरक्षेसाठी कडेकोट केलेल्या रुग्णालयाच्या जाळ्यात ही पोर्टे अनेकदा बंद असतात. काही ठिकाणी ती उघडी असूनही तक्रार राहते. फोन आणि गुगलचा सर्व्हर यांच्यातली जोडणी दीर्घकाळ शांत राहते, आणि फायरवॉल ती निकामी समजून पाच-दहा मिनिटांत तोडून टाकतो. फोनला ते कळत नाही, तो जोडणी आहे असे धरून संदेशाची वाट पाहत बसतो. या पोर्टांवरील शांत जोडणीला किमान तीस मिनिटांची मुदत द्यावी अशी गुगलचीच सूचना आहे. नेटवर्क पाहणाऱ्यांना ‘फोन वाजत नाही’ असे सांगितल्यास ते हँडसेटकडे बोट दाखवतात; ही तीन पोर्टे आणि ही मुदत नाव घेऊन सांगितली की काम होते.

खात्री करण्याची चाचणी सोपी आहे, मात्र तिला धीर लागतो. फोन चार्जरवरून काढावा, पडदा बंद करून टेबलावर ठेवावा, तासभर त्याला हात लावू नये, आणि मग दुसऱ्या विस्तार क्रमांकावरून कॉल करावा. वाजला नाही तर पडदा उघडून मिस्ड कॉल केव्हा उमटतो ते पाहावे. मग हीच चाचणी फोनमध्ये सिमकार्ड घालून, वाय-फाय बंद ठेवून, मोबाइल डेटावर करावी. डेटावर वाजतो आणि वाय-फायवर वाजत नाही, तर दोष फायरवॉलकडे आहे. दोन्हीकडे वाजत नाही, तर दोष फोनच्या बॅटरीविषयक सेटिंगमध्ये किंवा अ‍ॅपमध्ये आहे. सेटिंग बदलल्यावर दोन मिनिटांत कॉल करून ‘झाले, वाजतो आहे’ असे सांगणाऱ्या चाचणीला काही अर्थ नाही, कारण तेवढ्या वेळात फोन झोपतच नाही.

सेटिंगमध्ये कॉलिंग अ‍ॅपला बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून वगळावे. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त हँडसेटमध्ये उत्पादकाने स्वतःचा आणखी एक पहारेकरी बसवलेला असतो. तो वापरात नसलेली अ‍ॅप मागल्या दाराने बंद करतो, त्यामुळे तेथे ‘ऑटोस्टार्ट’ची परवानगीही वेगळी द्यावी लागते. खरेदी समितीने किंमत पाहून घरगुती वापराचे फोन घेतले असतील तर हा त्रास कायमचा मागे लागतो. माझ्या मते वॉर्डासाठी फोन घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेलचा आहे हे विचारण्यापेक्षा, पडदा बंद ठेवून आठ तासांनी कॉल वाजतो का, हे नमुना मागवून पाहणे जास्त उपयोगाचे आहे.

येथे परिचारिकांनी टाळायची एक सवयही आहे. फोन संथ वाटला की उघडी सगळी अ‍ॅप वर सरकवून पुसून टाकण्याची पद्धत पडली आहे. काही हँडसेटमध्ये त्याने कॉलिंग अ‍ॅप पूर्ण थांबते आणि पुन्हा उघडेपर्यंत एकही कॉल येत नाही. त्या अ‍ॅपला अलीकडील अ‍ॅपच्या यादीत कुलूप लावण्याची सोय असल्यास ते लावावे, आणि फोनच्या मागे चिकटपट्टीवर ‘हे अ‍ॅप बंद करू नये’ असे मराठीत ठळक लिहावे. इंग्रजीतले सूचनापत्रक रात्री कोणी वाचत नाही.

ठरावीक जागीच तुटणारे कॉल

कॉल लागतो, पण सातव्या खाटेपाशी गेले की तुटतो, लिफ्टच्या दारात अडखळतो, किंवा क्ष-किरण विभागाच्या वळणावर एकाच बाजूचे ऐकू येते, अशा तक्रारींत हँडसेटचा संबंध फार कमी असतो. क्ष-किरण, सीटी आणि कॅथलॅबच्या भिंतींत व दारांत शिसे असते. एमआरआयची खोली तर रेडिओलहरी आत-बाहेर जाऊ नयेत म्हणूनच धातूच्या पिंजऱ्यासारखी बांधलेली असते. त्या खोलीत फोन नेण्याचा प्रश्नच नाही, तेथील चुंबक फोन ओढून घेऊ शकतो. परंतु रुग्णासोबत एमआरआयच्या दाराबाहेर थांबलेल्या परिचारिकेचा फोन बंद पडलेला नसून लहरींच्या सावलीत आहे, हे वॉर्डातल्या इतरांना माहीत असावे, आणि तेवढा वेळ तिचे कॉल दुसऱ्या फोनकडे वळवलेले असावेत.

वाय-फायवर बोलण्यासाठी लहरींची ताकद सर्वत्र किमान उणे ६७ डीबीएम (लहरींची ताकद मोजण्याचे एकक) असावी असा नेटवर्क आखणाऱ्यांचा संकेत आहे. बऱ्याच इमारतींत अ‍ॅक्सेस पॉइंट फक्त कॉरिडॉरमध्ये लावलेले असतात. कॉरिडॉरमधून चालताना सगळे छान दिसते, आणि खोलीत रुग्णाच्या पलीकडच्या बाजूला वाकून उभे राहिले की भिंत, लोखंडी खाट आणि परिचारिकेचे स्वतःचे शरीर या तिन्हींतून लहरींना जावे लागते. म्हणून तपासणी करणाऱ्याने लॅपटॉप हातात धरून कॉरिडॉरमध्ये फिरू नये. तोच ड्युटी फोन एप्रनच्या खिशात ठेवून, कॉल चालू ठेवून, औषधे देण्याच्या फेरीच्या मार्गाने प्रत्येक खाटेपाशी जावे, बाथरूमच्या दारापर्यंत आणि डर्टी युटिलिटीपर्यंतही (वापरलेले सामान ठेवण्या-धुण्याच्या खोलीपर्यंतही) जावे, आणि आवाज कोठे तुटला ते वॉर्डाच्या नकाशावर खूण करून ठेवावे.

चालताना कॉल तुटण्याचे दुसरे कारण म्हणजे फोन जुन्या अ‍ॅक्सेस पॉइंटला चिकटून राहतो. पुढचा पॉइंट डोक्यावर असूनही तो मागच्याचा क्षीण धागा सोडत नाही. पॉइंटची ताकद कमाल पातळीवर ठेवलेली असेल तर हे अधिक होते. ‘जास्त पॉवर म्हणजे चांगले नेटवर्क’ या समजुतीने केलेला उपाय येथे उलटतो, कारण फोनला दूरचा पॉइंट ऐकू येतो, पण फोनचा क्षीण आवाज त्या पॉइंटला ऐकू येत नाही. याखेरीज रुग्णालयाच्या सुरक्षित वाय-फायवर प्रत्येक नव्या पॉइंटशी ओळख पटवण्याची पूर्ण प्रक्रिया पुन्हा होत असेल, तर त्यात जाणारा वेळ संभाषण तोडायला पुरेसा असतो. ८०२.११आर या मानकाने तो वेळ बराच घटतो. ते चालू आहे का आणि आपले हँडसेट त्याला साथ देतात का, दोन्ही तपासावे लागते.

कॉल दोन-तीन मिनिटेच खराब होतो आणि आपोआप सुधारतो, तोही रात्रीच्या जेवणाच्या सुमारास, असे नोंदीत दिसले तर पॅन्ट्रीकडे लक्ष द्यावे. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालतो आणि जुना झाला की गळतो. डबा गरम होत असताना शेजारच्या नर्सिंग स्टेशनवरचे बोलणे चिरफाळते. ड्युटी फोन ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर नेल्याने हा प्रश्न मिटतो. वॉर्डाने वर्गणी काढून बाजारातून आणलेला रिपीटर प्लगमध्ये खोचणे हा मात्र उपाय नव्हे. त्याने शेजारच्या वॉर्डाचेही बिघडते.

पाळी बदलताना हरवणारे कॉल

नोंदी वेळेनुसार मांडल्या तर तक्रारींचा एक पुंजका पाळी बदलण्याच्या आसपास सापडतो. बहुतेक अ‍ॅपमध्ये परिचारिका आपल्या नावाने लॉगिन करते आणि कॉल त्या नावामागे जातो. दिवसपाळीच्या सिस्टरांनी लॉगआउट न करता फोन चार्जरवर ठेवला आणि रात्रपाळीच्या सिस्टरांनी तोच उचलून खिशात घातला, तर प्रयोगशाळेच्या पडद्यावर घरी गेलेल्या सिस्टरांचे नाव ‘उपलब्ध’ म्हणून दिसते आणि हजर असलेल्या सिस्टरांचे नाव दिसतच नाही. त्या दोघींपैकी कोणाचीही हयगय नसते. बसची वेळ झालेली असते, हँडओव्हर लांबलेला असतो, आणि लॉगआउटचे बटण तीन पडद्यांमागे दडलेले असते.

म्हणून फोनला व्यक्तीचे नाव न देता कामाचे नाव द्यावे, असे मी प्रत्येक ठिकाणी सुचवत आलो आहे. ‘तिसरा मजला, खाट १ ते ८’ हा फोन कायम तोच राहतो, त्याचा क्रमांक बदलत नाही, आणि तो कोणाकडे आहे एवढीच नोंद पाळीगणिक बदलते. प्रयोगशाळेला आणि डॉक्टरांना नाव शोधावे लागत नाही, खाट पाहून कॉल करता येतो. परिचारिकेने कोणती नोंद उघडली हे कळण्यासाठी नावाचे लॉगिन ठेवावेच लागेल. ते रुग्णाच्या नोंदींच्या अ‍ॅपपुरते ठेवावे, कॉलिंगपुरते नको.

सिमकार्डावर चालणाऱ्या ड्युटी फोनमध्ये हीच गडबड कॉल फॉरवर्डिंगच्या रूपाने दिसते. जेवायला जाताना कोणीतरी कॉल दुसऱ्या क्रमांकाकडे वळवतो आणि ते तसेच राहते. यूएसएसडी कोड (* आणि # यांसह दाबायचे क्रमांक) दाबून कॉल वळवण्याची सेवा फसवणुकीच्या प्रकारांमुळे दूरसंचार विभागाच्या आदेशाने १५ एप्रिल २०२४ पासून स्थगित झाली; त्यामुळे नर्सिंग स्टेशनच्या काचेवर चिकटवलेली जुनी कोडची यादी काढून टाकावी आणि वळवणे-थांबवणे फोनच्या कॉल सेटिंगमधून, नाहीतर कंपनीकडून करून घ्यावे.

हँडओव्हरच्या वेळी खाटेपाशी उभे राहून रुग्णाची माहिती देतात, ड्रग कीज (औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या) आणि क्रॅश कार्टची (तातडीच्या औषधोपकरणांच्या गाडीची) तपासणी सोपवतात, तेथेच फोनही सोपवला जावा. रजिस्टरमध्ये फोनचा क्रमांक, उरलेली बॅटरी आणि एक चाचणी कॉल अशी एकच ओळ पुरते. घेणाऱ्या सिस्टरांनी स्टेशनच्या लँडलाइनवरून तो क्रमांक फिरवायचा आणि स्वतःच्या हातात वाजलेला ऐकायचा. याला अर्धे मिनिटही लागत नाही, आणि फोनच्या झोपेचा भाग वगळता वर सांगितलेले बहुतेक दोष तेथल्या तेथे पकडले जातात.

बॅटरी आणि पुसणे

लिथियम-आयन बॅटरी साधारण ५०० पूर्ण चक्रांनंतर मूळ क्षमतेच्या सुमारे ८० टक्क्यांवर येते. घरचा फोन दिवसातून एकदा चार्ज होतो; तीन पाळ्यांत हातोहात फिरणारा फोन दिवसाला दोन चक्रे सहज ओलांडतो, म्हणजे वर्षाच्या आतच तो या टप्प्याला पोहोचतो. ‘चाळीस टक्के दाखवत होता आणि अचानक बंद झाला’ ही तक्रार त्या काळात सुरू होते. दीड वर्षाने बॅटरी बदलण्याचा खर्च खरेदीच्या वेळीच मांडून ठेवला तर पुढे वाद होत नाही. चार्जरची जागा नर्सिंग स्टेशनवर ठरलेली असावी आणि प्रत्येक फोनची वायर वेगळी असावी, नाहीतर एकच ढिली वायर तिन्ही फोनांना उपाशी ठेवते.

फोन रुग्णागणिक हाताळला जातो, त्यामुळे तो पुसावा लागतोच. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेले वाइप चालते. फवारा थेट फोनवर मारू नये आणि फरशीचे हायपोक्लोराइट वापरू नये, त्याने पडद्याचा लेप आणि पोर्टची धातूची टोके खराब होतात. पुसल्यावर पोर्ट कोरडे होईपर्यंत चार्जरला लावू नये. बोटाचा ठसा ग्लोव्ह्‌जमधून लागत नाही हे उघडच आहे, त्यामुळे ड्युटी फोनला पिन ठेवावा आणि आलेला कॉल पिनशिवाय उचलता यावा.

चुंबकाने चिकटणारे कव्हर मात्र घेऊ नयेत. पेसमेकर असलेल्या रुग्णाला उचलताना, कुशीवर वळवताना परिचारिकेचा वरचा खिसा त्याच्या छातीजवळ येतो, आणि चुंबक असलेली उपकरणे पेसमेकरपासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवण्याचा सल्ला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दिलेला आहे.

फोन वाजत नाही म्हणून वापरले जाणारे पर्याय

ड्युटी फोनवरचा विश्वास उडाला की वॉर्ड आपोआप खासगी फोनांकडे आणि व्हॉट्‌सअ‍ॅप ग्रुपकडे वळतो. जखमेचा फोटो, ईसीजीची पट्टी, केसपेपरचे पान एकीच्या खासगी फोनमधून बाराजणांच्या गॅलरीत आणि तेथून त्यांच्या घरच्या बॅकअपमध्ये जाते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार ही माहिती सांभाळण्याची जबाबदारी रुग्णालयावर आहे. ‘सिस्टरांनी परस्पर पाठवले’ हा बचाव तेथे टिकणारा नाही. ग्रुपवर बंदी घालणारे परिपत्रक काढण्यापूर्वी ड्युटी फोन वाजता करावा, हा क्रम व्यवस्थापनाने पाळला नाही तर परिपत्रक फलकावर राहते आणि ग्रुपही राहतो.

दुरुस्ती चालू असेपर्यंत पर्यायी मार्ग लेखी ठरलेला हवा. ड्युटी फोन दोनदा उचलला गेला नाही तर स्टेशनची लँडलाइन, तीही उचलली गेली नाही तर शेजारच्या वॉर्डाचा फोन, आणि मग पर्यवेक्षक सिस्टर. कोड ब्लू (रुग्णाचे हृदय किंवा श्वास थांबल्याची तातडीची हाक) तर कधीही केवळ या फोनवर अवलंबून नसावा. त्यासाठी ध्वनिक्षेपक किंवा स्वतंत्र बटण हवेच. कॉल लागला तरी तोंडी दिलेली औषधाची सूचना आणि प्रयोगशाळेचा आकडा लिहून घेऊन परत वाचून दाखवण्याची पद्धत तुटक्या आवाजाच्या काळात अधिक काटेकोरपणे पाळावी. ‘पंधरा’ आणि ‘पन्नास’ यांतला फरक अडखळत्या लाइनवर सहज हरवतो.

तक्रार पुन्हा का येते

वरील सर्व दुरुस्त्या करूनही काही महिन्यांनी एखादा फोन पुन्हा गप्प होतो, तेव्हा आधी त्याच आठवड्यात अँड्रॉइडचे किंवा अ‍ॅपचे अद्ययावतीकरण झाले का ते पाहावे. अद्ययावतीकरणानंतर बॅटरीची सूट, ऑटोस्टार्ट आणि सूचनांच्या परवानग्या काही हँडसेटमध्ये मूळ स्थितीला जातात. सर्व फोन एकाच रात्री अद्ययावत होऊ देऊ नयेत; आधी एका वॉर्डातला एकच फोन करावा, त्याच्यावर तासाभराच्या शांततेची चाचणी घ्यावी, आणि तो वाजला तरच बाकीच्यांना हात लावावा. फायरवॉल बदलला किंवा त्याचे सॉफ्टवेअर बदलले तरी हीच चाचणी पुन्हा करावी, कारण पोर्टांची नि मुदतीची सेटिंग त्यात पुसली जाते आणि नेटवर्कच्या मंडळींना तिचा ड्युटी फोनांशी संबंध आठवतोच असे नाही.

पुरवठादाराकडे तक्रार नेताना ‘फोन वाजत नाहीत’ असा ईमेल पाठवल्यास ‘आपले नेटवर्क तपासा’ असे उत्तर येते आणि महिना जातो. त्याऐवजी मिनिटासह भरलेल्या तीन-चार नोंदी, त्याच मिनिटांच्या ईपीएबीएक्सच्या कॉल नोंदी, आणि वाय-फाय व मोबाइल डेटा या दोन्हींवर घेतलेल्या चाचणीचा निकाल सोबत जोडावा. ईपीएबीएक्सने कॉल पाठवला, पुश संदेश निघाला, आणि डेटावरही फोन उठला नाही एवढे कागदावर असले की दोष कोणाच्या भागात आहे हे त्यालाही नाकारता येत नाही, आणि नोंदींत ज्या परिचारिकांची नावे आली आहेत त्यांना दिलेले खुलासापत्र मागे घ्यायला अधिसेविकांच्या हाती लेखी आधार येतो.